घरी बायोडिझेल बनवायला प्लास्टिकचा ड्रम आणि ढवळायला ड्रिल मशीन चालेल का? खर्च किती येईल?

ड्रम नको, आणि ड्रिल तर अजिबात नको. वापरलेल्या खाद्यतेलात मिथेनॉल (एक अल्कोहोल) आणि कॉस्टिक सोडा मिसळला की वर बायोडिझेल आणि तळाशी ग्लिसरीन, अशी ही क्रिया. घोडबंदर रोडच्या सोसायटीत स्टिल्ट पार्किंगच्या कोपऱ्यात हे करायचं म्हणता, तर तिथेही नको. वर माणसं राहतात. मिथेनॉल ११-१२ अंशांनाच पेट घेण्याजोगी वाफ सोडतं, म्हणजे ठाण्यात बारा महिने. ड्रिलच्या कार्बन ब्रशची ठिणगी नेमकी उघड्या ड्रमच्या तोंडावर, आणि मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसतही नाही. वारा खेळता असलेली वेगळी शेड हवी आणि हाताशी पावडरचं एक्स्टिंग्विशर हवं.

भांडं बंद हवं, पण कोंडलेलं नको. ५० लिटरचा उभा स्टोरेज गिझर घ्या. आतली टाकी ग्लासलाइन्ड किंवा स्टीलची, तांब्याची नको. मॅग्नेशियमचा रॉड काढून तिथे बूच बसवा. वरून व्हेंटचा पाइप छपराबाहेर काढा आणि त्यावर व्हॉल्व्ह कधीच लावू नका. सगळे व्हॉल्व्ह बंद करून तापवलेली टाकी म्हणजे बॉम्ब. पंप अर्ध्या एचपीचा, बॉडी आणि इम्पेलर दोन्ही कास्ट आयर्न, मोटर इंडक्शनची, जमलं तर फ्लेमप्रूफ. पाइप काळा एमएस (साधं पोलाद) किंवा एसएस (स्टेनलेस). जीआय म्हणजे जस्त चढवलेल्या पाइपचं जस्त आणि ॲल्युमिनियम कॉस्टिक खातं, वर हायड्रोजन सोडतं. पितळ-तांब्याच्या संगतीत बायोडिझेल लवकर खराब होतं. सील व्हिटॉनचे (रसायनं सोसणारं रबर) घ्या, साधं रबर फुगून लिबलिबीत होतं.

हीटर फक्त तेलासाठी. तेल ५५ अंशांवर आलं की प्लग सॉकेटमधून ओढून काढायचा, मगच मिथेनॉल आत सोडायचं. गळती होऊन पातळी खाली गेली आणि एलिमेंट उघडा पडला, तर तो वाफेत लाल होतो. नुसतं बटण बंद करण्यावर विसंबू नका.

आता मूळ मुद्दा: टायट्रेशन, म्हणजे तेलात आम्ल किती आहे ते मोजून कॉस्टिक ठरवणं. 'टायट्रेशनची कटकट कशाला, लिटरला सरसकट ५ ग्रॅम कॉस्टिक टाका' असं सांगणारे पुष्कळ भेटतील. रबाळ्याच्या एका गाळ्यातली जुलैमधली बॅच मी बघितली आहे, तिचा हिशोब मांडतो. तेल फरसाणवाल्याचं, ३५ लिटर. ५ ग्रॅमच्या हिशोबाने कॉस्टिक टाकलं. रात्रभर ठेवूनही खाली ग्लिसरीन बसेना. बाजूला काढलेल्या नमुन्याचं टायट्रेशन मागाहून केलं, ते ४.५ आलं. म्हणजे ५ पैकी ४.५ ग्रॅम जळक्या तेलातली फॅटी ॲसिड मारण्यातच गेले. उरला अर्धा ग्रॅम, आणि क्रियेला लागतात ३.५. त्यातही पिशवी उघडी राहिलेली, फ्लेक्स पावसाळी हवेत चिकट झालेले, म्हणजे वजनात पाणीही होतंच. मग कोणीतरी अंदाजाने अजून दोन मुठी टाकल्या. सकाळी टाकीत पिठल्यासारखा घट्ट साबण, आणि पंप जाम.

टायट्रेशनला पाच मिनिटं लागतात. १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात १ ग्रॅम कॉस्टिक विरघळवा. १ मिली तेल १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळा, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे (रंग बदलून दाखवणारं रसायन) दोन थेंब टाका. ते नसेल तर चिमूटभर हळद चालते, पिवळ्याची लालसर होते. कॉस्टिकचं पाणी सिरिंजने थेंब थेंब सोडा. रंग १५ सेकंद टिकला की थांबा. जितके मिली लागले त्यात ३.५ मिळवा, तितके ग्रॅम दर लिटरला. रीडिंग २ आलं तर ५.५, म्हणजे ३५ लिटरला १९२.५ ग्रॅम. ५ च्या वर गेलं तर ते तेल घेऊच नका.

तेल कोरडं हवं. गाळून, गरम करून रात्रभर ठेवा, तळाचं पाणी काढा, मग वरचं बूच उघडून ७० अंशांवर पंपाने फिरवा. थेंब तापल्या तव्यावर टाका. तडतडला तर अजून पाणी आहे. मिथेनॉल तेलाच्या २२ टक्के, म्हणजे ७.७ लिटर. एचडीपीईच्या (जाड प्लास्टिक) कॅनमध्ये मिथेनॉलात कॉस्टिक थोडं थोडं घाला, उलट करू नका, ते तापतं. फ्लेक्स पूर्ण विरघळल्याशिवाय टाकीत सोडू नका. दीड-दोन तास फिरवा, रात्रभर बसू द्या, खालचं काळं ग्लिसरीन काढा.

मग ३ मिली बायोडिझेल २७ मिली मिथेनॉलमध्ये हलवून बघा. तळाशी तेल बसलं तर क्रिया अर्धवट आहे. ही चाचणी २० अंशांवर करायची असते. आपल्याकडच्या ३०-३२ अंशांत कच्चा मालही पास होतो, म्हणून बाटल्या आधी गार करा. मग बायोडिझेल पाण्याने धुवा. पहिलं पाणी नुसतं फवारा, ढवळलंत तर दुधासारखं पांढरं होऊन बसतं. शेवटी कोमट करून फिरवा. बरणीतून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता आलं की सुकलं.

खर्च पंप आणि मोटर कुठली घेता यावर आहे. मोटरवर वाचवू नका, बाकी सगळं जुनं चालतं.

राहिलेलं: मिथेनॉलला परवाना लागतो, आणि ते विष आहे, २०१५ साली मुंबईतल्या मालवणीत दारूतून त्याने शंभरावर माणसं मारली. गॉगल आणि हातमोज्यांशिवाय हात लावू नका. डोळ्यात उडालं तर १५ मिनिटं पाण्याने धुवा आणि थेट डॉक्टरकडे जा. वडापावच्या गाडीवरचं तेल बहुधा पाम असतं, त्याचं बायोडिझेल ठाण्यात चालतं, पण डिसेंबरात माळशेज चढून गेलात तर गोठू शकतं. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ गाडीत घालू नका. जुन्या जनरेटरला द्या, आणि पहिल्या टाकीनंतर फिल्टर बदला, कारण टाकीतला जुना गाळ सुटून तिथेच अडकतो.