करणारा कुठे गेला? इंग्रजी-फारसी अनुवाद आणि कर्तरी-कर्मणीचे प्रश्न

कोल्हापुरात फारसीशी संबंध येणारी माणसे वाटतात त्याहून जास्त आहेत. कोणी मोडीसोबत आदिलशाही कागद वाचते, कोणी भाषांतराचा अभ्यास करते, कोणाला कारखान्याची माहितीपुस्तिका इराणी गिऱ्हाइकासाठी करून हवी असते. त्यांच्याकडून आलेले कर्तरी-कर्मणीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. फारसी शब्द आजच्या इराणी उच्चाराप्रमाणे दिले आहेत, त्यामुळे जुन्या कागदांतला ‘शुद’ इथे ‘शोद’ दिसेल.

प्रश्न : इंग्रजी वाक्य पॅसिव्ह असेल तर फारसीतही ‘शोदन’ लावून पॅसिव्हच करायचे, असे आम्हाला शिकवले आहे. हा नियम कुठपर्यंत पाळायचा? (विद्यार्थिनी, राजारामपुरी)

परीक्षेत पाळा, कामात नको. नियम सोपा आहे. ‘अली नामे रा नेवेश्त’ म्हणजे अलीने पत्र लिहिले. ‘नामे नेवेश्ते शोद’ म्हणजे पत्र लिहिले गेले. ‘नेवेश्ते’ म्हणजे लिहिलेले, आणि ‘शोद’ म्हणजे झाले. व्याकरण म्हणून यात काही खोट नाही.

पण इंग्रजी लेखक पॅसिव्हकडे का वळला, हे आधी पाहायला हवे. इंग्रजीत शब्दांच्या जागा ठरलेल्या असतात. क्रियापदाच्या आधी येतो तो कर्ता, नंतर येते ते कर्म. इस्फहानच्या मशिदीबद्दल लिहिताना पुढचे वाक्यही मशिदीपासूनच सुरू करायचे असेल, तर इंग्रजीला ‘द मॉस्क वॉज बिल्ट बाय शाह अब्बास’ असे वळण घ्यावे लागते. फारसीवर ही सक्ती नाही. तिथे कर्माला ‘रा’ लागतो, म्हणून ते पुढे आणले तरी कर्म म्हणून ओळखू येते : ‘ईन मस्जेद रा शाह अब्बास साख्त.’ मराठीतही आपण हेच करतो : ‘ही मशीद शाह अब्बासने बांधली.’ मशीद पुढे आली, करणारा मागे गेला, आणि ‘बांधली गेली’ म्हणायची गरज पडली नाही.

म्हणून इंग्रजी पॅसिव्ह समोर आला की पहिला प्रश्न हा विचारा : करणारा कुठे गेला? तो कोणालाच ठाऊक नाही? ठाऊक आहे पण सांगायचा नाही? की तो वाक्यात हजर आहे आणि फक्त मागच्या बाकावर बसवला आहे? या तिसऱ्या प्रकारात फारसीत कर्तरीच ठेवा आणि कर्म पुढे आणा. उलट दिशेने जाताना मात्र सावध राहा. ‘रा’ लागलेले कर्म फारसी वाक्याच्या सुरुवातीला असेल, तर इंग्रजीत बहुतेक वेळा पॅसिव्ह शोभतो. पुष्कळ अनुवादक इथे इमानदारीने कर्तरी वाक्य देतात आणि परिच्छेदाचा ओघ तोडतात.

प्रश्न : ‘बाय’साठी मी सगळीकडे ‘तवस्सोत-ए’ वापरतो. एका इराणी संपादकाने जवळपास प्रत्येक ठिकाणी तो खोडला. का? (अनुवादक, ताराबाई पार्क)

उत्तर फारसी व्याकरणातल्या नावांतच आहे. तिथे कर्तरीला ‘मालूम’ म्हणतात आणि कर्मणीला ‘मजहूल’. मालूम शब्द आपल्याला मालूम आहेच. मजहूल म्हणजे अज्ञात. ज्या क्रियापदाचा कर्ता ठाऊक नाही ते मजहूल. आता करणारा अज्ञात आहे असे क्रियापदाने सांगायचे आणि लगेच ‘तवस्सोत-ए अमुक’ म्हणून त्याचे नाव घ्यायचे, हे जुन्या वळणाच्या वाचकाला विसंगत वाटते. युरोपीय भाषांतून भाषांतरे वाढली तशी ही रचना फोफावली. आज इराणी वर्तमानपत्रांत ती सर्रास दिसते, आणि चोखंदळ संपादक ती तितक्याच चिकाटीने काढतात. मी त्या संपादकाच्या बाजूने आहे.

करणारा ठाऊक असेल तर त्याला सरळ कर्ता करा. संस्थेच्या किंवा व्यक्तीच्या वतीने काही झाले असेल तर ‘अज तरफ-ए’ आहे. आपले ‘तर्फे’ त्याच ‘तरफ’वरून आले. प्रत्यक्ष हाताने घडलेल्या गोष्टीला ‘बे दस्त-ए’ लावतात, जसे आपण ‘त्याच्या हातून’ म्हणतो. कायद्याच्या मजकुरात कधी कधी ‘तवस्सोत-ए’ वाचून गत्यंतर नसते, तिथे तो राहू द्या. आणि मराठी लिहितानाही ‘महापालिकेद्वारा रस्ता करण्यात आला’ असे लिहू नका. महापालिकेने रस्ता केला, एवढे पुरते.

प्रश्न : ‘राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले’ या बातमीचे फारसी मी ‘दरीचेहा-ये सद्द बाज शोद’ असे केले. यातून दरवाजे आपोआप उघडले की कोणी उघडले, हे कळेल का? (पत्रकार, बिंदू चौक परिसर)

नाही कळणार. पूर येणाऱ्या गावात या फरकाला फार वजन आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की ते आपले आपण उघडतात. तिथे त्या क्षणी निर्णय घेणारा माणूस नाही. कर्नाटकातल्या अलमट्टीचे दरवाजे मात्र निर्णय होऊन उघडले जातात, आणि किती उघडले, कधी उघडले, यावर आपल्याकडे दर पावसाळ्यात वाद होतो. इंग्रजी हा भेद क्रियापदातच दाखवते : ‘द गेट्स ओपन्ड’ आणि ‘द गेट्स वेअर ओपन्ड’. मराठीत ‘दरवाजे उघडले’ हे दोन्हीकडे चालते, म्हणून आपला वाचक ‘स्वयंचलित’ हा शब्द शोधतो किंवा धरणाच्या नावावरून ओळखतो.

फारसीची अडचण आपल्यासारखीच आहे, पण तिचे कारण वेगळे. फारसीत बरीचशी क्रियापदे जोडशब्द असतात. ‘बाज’ म्हणजे उघडे. ‘बाज कर्दन’ म्हणजे उघडणे, करणाऱ्यासह. ‘कर्दन’च्या जागी ‘शोदन’ ठेवले की ‘बाज शोदन’ होते, आणि त्याचे अर्थ दोन : उघडले जाणे आणि आपोआप उघडणे. म्हणजे जिथे इंग्रजीत दोन खोके आहेत तिथे फारसीत एकच. ‘खाली शोद’, ‘पोर शोद’, ‘खराब शोद’ या सगळ्यांचे असेच. रिकामे झाले की केले, भरले की कोणी भरले, हे ‘शोद’ सांगत नाही.

तेव्हा राधानगरीसाठी ‘खोद-बे-खोद बाज शोद’ लिहा, म्हणजे आपोआप उघडले. अलमट्टीसाठी खात्याचे नाव ठाऊक असेल तर ते कर्ता म्हणून घ्या. नसेल तर ‘दरीचेहा रा बाज कर्दंद’ असे अनेकवचनी कर्तरी क्रियापद कर्त्याशिवाय ठेवा. फारसी वाचकाला त्यातून नेमके कळते की माणसांनी उघडले, मात्र कोणी ते सांगितलेले नाही. महापुराच्या बातम्यांत जबाबदारी कोणाची हाच मुद्दा असतो. तो अनुवादात पुसला गेला तर वाचकाला अर्धीच बातमी मिळाली.

प्रश्न : आमच्या मशीनच्या इंग्रजी पुस्तिकेत ‘मस्ट बी स्विच्ड ऑफ’, ‘मस्ट नॉट बी रिमूव्ह्ड’ अशी वाक्ये आहेत. फारसीत कशी करायची? (उद्योजक, शिरोली एमआयडीसी)

सरळ आज्ञार्थ करा. ‘मोतोर रा खामूश कोनीद’, मोटर बंद करा. ‘बायद खामूश शवद’ हेही बरोबर आहे, पण ते नियमावलीच्या भाषेत शोभते. मशीनसमोर उभ्या माणसाला पहिले वाक्य लवकर कळते. मनाईसाठी इराणी पाट्यांवर ‘खोद्दारी कोनीद’ हे वळण नेहमीचे आहे : ‘अज जोदा कर्दन-ए ईन कतए खोद्दारी कोनीद’, म्हणजे हा भाग सुटा करणे टाळा. जिथे बोट तुटण्याचा धोका आहे तिथे मात्र ‘टाळा’ पुरेसे नाही, स्पष्ट ‘न-कोनीद’ हवे.

प्रश्न : ‘रामाने आंबा खाल्ला’ हा मराठीत कर्मणी प्रयोग. मग इंग्रजीचे मराठी किंवा फारसी करताना याला पॅसिव्ह धरायचे का? मुले फार गोंधळतात. (शिक्षक, गडहिंग्लज)

मुलांचा दोष नाही. एकाच नावाखाली दोन गोष्टी आल्या आहेत. मराठीत प्रयोग ठरतो तो क्रियापद कोणाप्रमाणे बदलते यावर. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळे खाल्ले : क्रियापद कर्माच्या मागे जाते, म्हणून कर्मणी. पण राम वाक्यात ठामपणे उभा आहे. तो लपलेला नाही, मागेही सरकलेला नाही. अर्थाने हे वाक्य इंग्रजीच्या ॲक्टिव्हचेच आहे आणि फारसीत ‘मालूम’चेच. त्याला पॅसिव्ह केले तर अनुवाद बिघडतो. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळचे मराठी रूप म्हणजे ‘खाल्ला गेला’ किंवा ‘खाण्यात आला’.

वर्गात सांगण्यासारखी एक गोष्ट यात आहे. इराणमध्ये बेहिस्तूनच्या कड्यावर सम्राट दारियसचा शिलालेख आहे, इसवी सनापूर्वी ५२०च्या सुमाराचा. त्यातल्या जुन्या फारसीत तो आपल्या कामगिरीबद्दल म्हणतो : ‘इम त्य मना कर्तम.’ शब्दशः, हे जे माझे केलेले. संस्कृत येणाऱ्याला ‘मम कृतम्’ लगेच ऐकू येईल. भूतकाळ सांगताना ‘मी करणारा’ऐवजी ‘माझे केलेले’ असे म्हणायची ही रीत दोन्ही बाजूंना होती. आपल्याकडे ती ‘मी काम केले’, ‘रामाने पोळी खाल्ली’ या रूपांत टिकली. पश्तो आणि कुर्मांजी कुर्दी यांनीही ती राखली. आजच्या फारसीने मात्र सोडून दिली. तिथे क्रियापद सर्व काळांत कर्त्याच्याच मागे जाते आणि लिंगभेदही उरलेला नाही. मराठी मुलाला फारसी भूतकाळ सोपा वाटतो तो यामुळे, आणि फारसी शिकून झाल्यावर ‘मी पोळी खाल्लो’ अशी वाक्ये सुचू लागतात तीही यामुळेच.

प्रश्न : शिवकालीन पत्रांत ‘बिदानद’ येते. इंग्रजी अनुवादात ‘बी इट नोन’ असते. मूळ पॅसिव्ह आहे का? (मोडी अभ्यासक, पन्हाळा)

नाही, मूळ कर्तरी आहे. ‘अज रख्तखाने’ने सुरू होणाऱ्या पत्रांत ‘बजानेबु कारकुनानी’ वगैरे म्हणून कोणाला लिहिले ते येते, आणि मग ‘बिदानद’. तो फारसीतल्या ‘दानेस्तन’ म्हणजे जाणणे या धातूचा आज्ञावजा रूपप्रकार आहे. अर्थ : त्यांनी जाणावे. हुकूम थेट माणसांना आहे. इंग्रजी दरबारी भाषेत अशा जागी पॅसिव्हची चाल होती म्हणून अनुवादकाने ती घेतली, आणि ते चूक नाही. दर्जा राखला गेला. पण त्या इंग्रजीवरून पुन्हा मराठी करू नका. ‘ज्ञात केले जावे’सारखे काहीतरी होते, आणि मूळ शब्दातला आदेश नाहीसा होतो. मराठीत ‘मालूम होय’, ‘कळावे’ ही वळणे हाताशी आहेत.

जाता जाता : आपले ‘करण्यात आले’ यात ‘येणे’ कर्मणी घडवते. जुन्या फारसी गद्यातही ‘आमदन’, म्हणजे येणे, हेच काम करत असे : ‘गोफ्ते आमद’, सांगण्यात आले. आज तिथे ‘शोद’ने ती जागा घेतली आहे. इराणी कार्यालयांत याचे जड भावंड भेटते, ‘मोउरेद-ए बर्रसी करार गेरेफ्त’, आपल्या ‘तपासणी करण्यात आली’सारखे. सरकारी कागदाचा अनुवाद असेल तर ते ठेवा, कथेत ‘बर्रसी कर्दंद’ पुरे.

प्रश्न : हाफिजच्या ओळीत ‘गोजर नदादंद’ आहे. इंग्रजीत ‘वी वेअर नॉट अलाउड’ करावे का? (वाचक, शाहूपुरी)

ओळ अशी : ‘दर कू-ये नीकनामी मा रा गोजर नदादंद.’ नेकनामीच्या गल्लीतून आम्हाला जाऊ दिले नाही. क्रियापद अनेकवचनी आहे आणि कर्ता कुठेच नाही. कोणी जाऊ दिले नाही? पुढच्याच अर्ध्या ओळीत कवी ‘कजा’चे, म्हणजे दैवाचे, नाव घेतो : आवडत नसेल तर दैव बदल. तोवर ‘त्यांनी’ हे नाव नसलेले राहते, आणि त्या न सांगण्यातच ओळीची धार आहे.

इंग्रजीत ‘दे’ म्हटले तर वाचक विचारतो, हे कोण? म्हणून तिथे पॅसिव्ह योग्य, इंग्रजीपुरता. मराठीला तो लागत नाही. ‘जाऊ दिलं नाही’ यात करणारा आहे आणि नावाला नाही, हुबेहूब फारसीसारखा. ‘म्हणतात’ आणि ‘मीगूयंद’ यांचेही तसेच. पुढे इथल्या राजाराम महाविद्यालयात शिकवलेल्या माधव जूलियन यांचा फारसी-मराठी कोश १९२५चा आहे. फारसी कविता इंग्रजीमार्गे न येता थेट मराठीत यावी यासाठी आपल्याकडे साधने आहेत. ज्यांना शक्य आहे त्यांनी ती वाट धरावी, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : ‘आय वॉज बॉर्न’, ‘आय वॉज टोल्ड’, ‘ही वॉज बीटन’. तिन्हींना ‘शोद’ लावू का? (विद्यार्थी, कागल)

पहिल्याला ‘बे दोन्या आमदम’, जगात आलो. ‘मोतवल्लेद शोदम’ही चालते, पण ते अर्जात. दुसऱ्याला ‘बे मन गोफ्तंद’, मला सांगितले. इंग्रजीसारखे ‘मी सांगितला गेलो’ फारसीत होत नाही. तिसऱ्याला ‘कोतक खोर्द’, म्हणजे अक्षरशः मार खाल्ला. पराभवालाही ‘शेकस्त खोर्द’, हार खाल्ली. जिथे मराठीत सोसणारा खातो तिथे फारसीत ‘खोर्दन’ आधी तपासून पाहा आणि मग ‘शोदन’कडे जा. फसवणुकीला मात्र आपण खात नाही, ते खातात : ‘फरीब खोर्द’, फसला.