टेम्सवरच्या पेनी-बोटी: त्यांतून कोण जायचं आणि धोका किती होता

प्रश्न असा आहे की व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनच्या टेम्स नदीवर आगबोटीतून कोण जायचं, आणि तो प्रवास सुरक्षित होता का. डोळ्यांसमोर उंच हॅटवाले उमराव येतात, पण खरी गर्दी कारकुनांची, कारागिरांची आणि दुकानांतल्या नोकरांची. रस्ते घोडागाड्यांनी तुंबलेले. वॉटर्लूचा पूल पायी ओलांडायलासुद्धा १८७८ पर्यंत टोल पडायचा. अशा शहरात एका पेनीत, काही मार्गांवर तर अर्ध्या पेनीत, बोट तुम्हाला लंडन ब्रिजच्या धक्क्यावर नेऊन सोडायची. सुट्टीच्या दिवशी हीच माणसं पोराबाळांसकट नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या ग्रेव्ह्जएंड गावी जायची, तिथल्या रोशरव्हिल बागेत. त्या मार्गावर आगबोट १८१५ पासून होती.

बोट चालायची कशी, हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. दोन्ही अंगांना मोठी चाकं, आणि चाकाच्या पेटीवर कप्तान उभा. इंजिनवाला खाली, त्याला ना नदी दिसते ना धक्का. मधे, इंजिनघराच्या तोंडाशी, एक पोरगा. कप्तानाने हाताने खूण केली की तो खाली ओरडणार, 'हळू!', 'थांबव!', 'अर्धा फेरा मागे!' धक्क्याला लागताना सगळी बोट त्या पोराच्या नजरेवर आणि गळ्यावर. शहरातल्या बोटींचं धुरांडं बिजागरीवर असायचं. पूल आला की ते आडवं करायचं, पुलाखालून निघालं की पुन्हा उभं.

सुरक्षिततेचं उत्तर मात्र वाईट आहे. अर्ध्या पेनीची 'क्रिकेट' नावाची बोट २७ ऑगस्ट १८४७ ला ॲडेल्फीच्या धक्क्यावर सुटण्याच्या बेतात असताना तिचा बॉयलर फुटला. जादा वाफ सोडणारी झडप बांधून ठेवली होती, असं चौकशीत पुढे आलं. झडप बांधली की वाफेचा दाब वाढतो आणि बोट जोरात पळते; इतक्या स्वस्त भाड्यात स्पर्धा टिकवायची, तर वेग हवाच होता.

तरी खरा घाव ३ सप्टेंबर १८७८ चा. 'प्रिन्सेस ॲलिस' ही बोट संध्याकाळी सहलीची माणसं घेऊन परतत होती. लंडनच्या पूर्वेला, वुलिचच्या खालच्या अंगाला, नदीच्या गॅलियन्स रीच नावाच्या पट्ट्यात, 'बायवेल कॅसल' हे कोळशाचं रिकामं जहाज समोरून आलं. ओहोटी चालू होती, आणि ओहोटीत वर जाणाऱ्या बोटी ओढ चुकवायला दक्षिणेचा काठ धरायच्या. कोणी कुणाला कोणत्या बाजूने जाऊ द्यायचं याबाबत एकवाक्यता नव्हती. एकाने एक अंदाज बांधला, दुसऱ्याने दुसरा. जहाज बोटीच्या कुशीत घुसलं आणि चार-एक मिनिटांत बोट तळाला गेली. साधारण ६०० ते ७०० माणसं गेली. नक्की आकडा कधीच लागला नाही, कारण प्रवाशांची यादीच नव्हती.

आणि पाणी कसलं! जवळच्या बार्किंग आणि क्रॉसनेस इथल्या गटारांच्या तोंडांतून लंडनचं सांडपाणी तासाभरापूर्वीच नदीत सोडलेलं. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीला सुटलेल्या असह्य दुर्गंधीनंतर बॅझलजेट या इंजिनियरने गटारं बांधून शहरातली नदी स्वच्छ केली होती, पण घाण गेली ती थेट या पट्ट्यात. ज्यांना पोहता येत होतं त्यांचंही त्यात फारसं चाललं नाही. तेव्हा पोहता येणारे होतेच थोडे, आणि त्या काळचे बायकांचे कपडे भिजले की तळालाच ओढणारे. हे वाचताना मला आजही राग येतो. बोटीला परवाना होता ९३६ प्रवाशांचा, म्हणजे कागदावर सगळं नियमात बसत होतं.

पुढे समोरासमोर येणाऱ्या जहाजांनी एकमेकांना डाव्या हाताला ठेवून जावं हा नियम टेम्सवर पक्का झाला, आणि १८८७ पासून सांडपाण्याचा गाळ जहाजांतून समुद्रात नेऊन टाकू लागले. बोटींची गर्दी मात्र आधीच ओसरू लागली होती. लंडनच्या पूर्वेला नदीकाठच्या ब्लॅकवॉलला रेल्वे १८४० ला पोचली, ग्रेव्ह्जएंडला १८४९ ला, मग नदीकाठाने भुयारी गाडीही आली. तेव्हा पेनी-बोटींची खरी रेटारेटी पाहायची असेल, तर १८४० आणि १८५० च्या दशकांतली वर्णनं आणि चित्रं शोधा.