बाबांचा मोबाईल काढून घ्यायचा का?

"बाबांले आता साधा फोन घेऊन देतो, बँकेचं मीच पाहीन." नागपूरला नोकरी करणाऱ्या मुलाने आल्या आल्या निर्णय सांगितला. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहणारे सत्तरीचे बाबा बाजूला गप्प होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) कापसाच्या चुकाऱ्याचे ८० हजार रुपये खात्यातून गेले होते.

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी) आली. पाठवणारा शेजारचाच, पण त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात होता. ई-केवायसीवाचून २,००० रुपयांचा हप्ता अडतो, हे तर खरंच. बाबांनी फाइल उघडली, मेसेज वाचायची परवानगी दिली, एटीएम कार्डाचे आकडे भरले. ओटीपी त्यांनी कोणालाही सांगितला नाही. तो परस्पर चोराकडे गेला. म्हणून 'ओटीपी सांगू नका' एवढी एकच शिकवण आता पुरत नाही.

म्हातारी माणसं लोभापायी फसतात, हे मला पटत नाही. इथे सरकारी कागद अडकण्याची धास्ती होती आणि ओळखीच्या नंबरावरचा विश्वास होता. फोनवरच्या फसवणुकीत तर ऐकू कमी येणंही नडतं. नीट कळलं नाही तरी पुन्हा विचारायची लाज वाटते आणि माणूस 'हाव हाव' (हो हो) म्हणत जातो.

खरं नुकसान पुढे झालं. "पोट्टा बोंबलन म्हणून सांगतलं नाई," बाबा म्हणाले. चार दिवस ते गप्प राहिले. त्यात 'पैसे परत मिळवून देतो, ३,००० फी भरा' असा फोन आला आणि तेही गेले.

मुलाला मी स्पष्ट सांगितलं, फोन हिसकावलात तर पुढच्या वेळीही ते लपवतील. चोर पैसे भराभर या खात्यातून त्या खात्यात फिरवतात. ते वाटेत असेपर्यंतच गोठवता येतात. त्यामुळे आधी फोन फ्लाइट मोडवर टाकायचा, दुसऱ्याच्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला आणि बँकेला कळवायचं. व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ हाताशी हवी, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यायचा. स्क्रीनशॉट काढून झाल्यावरच फोन रीसेट करायचा.

दोघांनी मिळून काही गोष्टी ठरवल्या. चुकाऱ्याची रक्कम एटीएम कार्ड आणि यूपीआय नसलेल्या वेगळ्या खात्यात ठेवायची. बाबा यूपीआय वापरत नाहीत, म्हणून बँकेला जोडलेलं सिम बटणाच्या फोनमध्ये. स्मार्टफोन भजनं आणि नातवंडांच्या व्हिडिओ कॉलसाठी त्यांच्याकडेच राहील. अंगठ्याच्या ठशावर कोणी परस्पर पैसे काढू नयेत म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक करायचं, गरजेपुरतं उघडायचं. केवायसी सेतू केंद्रात जाऊनच.

लिंक आली की बाबा मुलाला फोन करतील आणि मुलगा रागावणार नाही, हे त्याच्याकडून त्यांच्यासमोर वदवून घेतलं. त्याने फोन उचलला नाही तर गावातल्या पुतण्याला विचारायचं. तोवर फाइल उघडायची नाही.