उरलेल्या लाकडाच्या तुकड्यांचा नक्षीदार बोर्ड नुसत्या गोंदावर टिकतो का?

तुमचा प्रश्न असा: घरात उरलेले लाकडाचे तुकडे जोडून बुद्धिबळाच्या पटासारखा चॉपिंग बोर्ड करायचाय, तो खिळे-स्क्रूशिवाय टिकेल का आणि यंत्रं कोणती लागतील?

टिकतो. आमच्या घरात याच मुद्द्यावर वर्षानुवर्षं वाद चाललाय, म्हणून सविस्तर लिहितो.

माझे काका जुन्या वळणाचे सुतार. कुसू (एका लाकडाचं कोरलेलं टोक दुसऱ्याच्या खाचेत) घालून खुंटी मारली तरच तो सांधा, बाकी सगळी चिकटवाचिकटव, असं त्यांचं ठाम मत. राजापूरकडचं आमचं जुनं घर उतरवलं तेव्हा अंगणात ढीग पडला होता: सागवानी वाशांची टोकं, फणसाच्या फळ्यांचे तुकडे, शिसवीच्या मोडक्या पलंगाचे पाय. काका म्हणाले, बंबात घाला. पिढ्यानपिढ्या छपराखाली सुकलेलं लाकूड! असं लाकूड वखारीत पैसे मोजूनही मिळत नाही. मी ते सगळं पोत्यांत भरून पुण्याला आणलं. लोहचुंबक फिरवून खिळे काढले, बारक्या पट्ट्या पाडल्या आणि पिवळा फणस, तपकिरी साग, काळपट शिसव असा पट्ट्यापट्ट्यांचा पाट जोडला. काकांनी तो बघितला आणि म्हणाले, "पहिल्या पावसात सुटेल."

त्यांचा हा अविश्वास हवेतून आलेला नाही. ते काम शिकले सरसावर. जनावरांच्या हाडा-कातड्याचा तो गोंद गरम करून लावायचा आणि दमट हवेत तो मऊ पडायचा. कोकणातल्या पावसाळ्यात त्याच्यावर कोण भरवसा ठेवणार? पण फेविकॉल १९५९ साली आला तो सरसाची जागा घ्यायलाच. सरसाचा राग त्याच्यावर काढणं चुकीचं आहे. मी त्यांच्यासमोर साग आणि फणसाचा चिकटवलेला तुकडा शिकंज्यात धरला आणि हातोडा मारला. तुकडा फुटला तो सांध्याच्या शेजारी, फणसाच्या अंगात. सांधा जागेवर. "हे कोरड्यात झालं," काका म्हणाले. तो पाट नंतर पावसाळ्यांमागून पावसाळे रोजच्या पूजेला वापरात आहे, एक रेघ सुटलेली नाही.

आता तुमच्या पटाकडे. इथे एका ठिकाणी काकांचं खरं आहे आणि नवशिके नेमके तिथेच फसतात. लाकूड बाजूला बाजू लावून चिकटवलं तर सांधा लाकडापेक्षा मजबूत होतो. पण आडव्या कापाचं तोंड म्हणजे नळ्यांची जुडी, ते गोंद पिऊन टाकतं. तोंडाला तोंड चिकटवलं तर सांधा कमजोरच राहणार. कुसवाची गरज तिथे असते. तुम्ही गडद-फिक्या पट्ट्या जोडून फळी केली, ती आडवी कापली आणि कापलेले तुकडे तसेच सरकवून परत चिकटवले, तर नेमका हाच कमजोर सांधा तयार होतो. म्हणून कापलेली प्रत्येक पट्टी पाव वळसा फिरवून तोंड वर आणा आणि एकाआड एक पट्टी उलटी ठेवा. पट आपोआप पडतो, सगळे सांधे बाजूला बाजू येतात, आणि सुरीची धार तंतूंच्या मधे शिरते म्हणून टिकते.

पट्ट्या २५ मिमी रुंद आणि तेवढ्याच जाड घ्या, नाहीतर चौकोन आयताकृती होतील. आठ पट्ट्यांची फळी ४० मिमीवर (हीच बोर्डाची जाडी) कापलीत, तर आठ ओळींसाठी लांबी किमान ३५० मिमी हवी, कारण प्रत्येक कापात पातं ३ मिमी खातं. बोर्ड २०० बाय २०० होईल.

बोर्डाभोवती चौकट मात्र घट्ट चिकटवू नका. ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत साग एका अंगाने सुमारे ५.८ टक्के आकसतो आणि दुसऱ्या अंगाने २.५. लांबीत जवळजवळ नाहीच. तोंड वर असलेला बोर्ड पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी फुगतो, चौकट जागची हलत नाही, मग कोपरे उघडतात. लोक म्हणतात गोंद सुटला. बिचाऱ्या गोंदाचा काय दोष?

यंत्रं: टेबल सॉ असेल तर उत्तम. चार-सहा क्लॅम्प हवेतच. तोंडावर प्लेनर (रंद्याचं यंत्र) चालवू नका, कडा उडतात. ८० नंबरपासून पॉलिश पेपर मारत जा. गोंद पाण्याला टिकणारा हवा, फेविकॉल मरीन किंवा टाइटबॉन्ड ३. साग तेलकट असतो, चिकटवायच्या आधी ॲसिटोनने पुसा. शेवटी औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन पाजा. शेंगदाण्याचं तेल नको, खवट वास येतो.

हो, राहिलंच: प्लायवूड, एमडीएफ आणि जुन्या रंगाचं लाकूड खाण्याच्या वस्तूला वापरू नका. शिसवीचा भुसा काहींना सोसत नाही, मास्क लावा. आणि बोर्ड पाण्यात बुडवून ठेवला तर कुठलाच गोंद तुम्हाला वाचवणार नाही.

घरात कुणी "तुकड्यांचं काम" म्हणून नाक मुरडलं तर नीट सांगा: अखंड रुंद फळी पावसात वाकते, म्हणून तर पाटाखाली आडव्या पट्ट्या ठोकतात, आणि त्या खिळ्यांपाशीच ती तडकते. नीट जोडलेल्या अरुंद पट्ट्या सपाट राहतात. काकांच्या हातचे अखंड फळीचे पाट आमच्याच घरी आहेत. दोन तडकलेत.