लायनरखाली काय आहे, ते आधी बघा

प्रश्न : माझी पिकअप हर्णै बंदरावरून चिपळूणला मच्छी नेते. आठ वर्षांत हौद्याचा पत्रा, फाळक्याची खालची कड आणि दारांखालच्या पट्ट्या गंजून खडबडीत झाल्यात. रंग मारला की एका पावसात जातो. एक जण म्हणतो, काळं बेड लायनर, म्हणजे हौद्याला मारतात तो जाड थर, स्प्रे मारून घ्या, पुन्हा गंजाचं नाव नको. हवं तर दारं-बॉनेटही त्यातच करू. मासेमारी बंदीत, जून-जुलैला गाडी उभीच असते. तेव्हा करून घेऊ का? – एक वाचक, हर्णै

उत्तर : हौद्याला जरूर करा. बॉनेटला नको, आणि जून-जुलैत तर नकोच नको.

‘गंजाचं नाव नको’ असं एकदा मीही बोलून बसलोय. मेव्हण्याची जीप होती. मडगार्डावर वायर ब्रश फिरवला, खळग्यांत लांबी भरली आणि वरून लायनरचे दोन हात मारले. गणपतीत गाडी दारात उभी राहिली तेव्हा बघत राहावं अशी दिसत होती. दोन पावसाळ्यांनी मडगार्डावर टिचकी मारली तर आवाज बद्द. स्क्रू ड्रायव्हरचं टोक घातलं, तसं लायनर अख्खं सोलून हातात आलं. आतल्या बाजूला तांबडे पापुद्रे चिकटलेले आणि खाली पत्र्याची जाळी. लायनरला काही झालं नव्हतं, पत्रा तेवढा गेला होता. मेव्हणा अजून जेवताना हा विषय काढतो.

हे लायनर म्हणजे पॉलियुरेथेन. रबरासारखं चिवट आणि साध्या रंगापेक्षा कितीतरी जाड. क्रेट आदळून, घासून ते सहज निघत नाही. पण ते गंज खात नाही, फक्त झाकतं. साध्या रंगाला खालून फोड येतो, म्हणजे निदान कळतं तरी. लायनर मात्र शेवटपर्यंत गप्प बसतं.

तुमच्या गाडीत भानगड मिठाची आहे. बर्फाचं खारट पाणी फाळक्याच्या दुमडीत उतरतं आणि तिथेच मुरतं. म्हणून सगळा गंज ग्राइंडरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढायचा, कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, मग गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन वाळवायचं आणि गाडी एक रात्र शेडमध्ये तशीच ठेवायची. सकाळी एखाद्या खळगीत ओलसर, काळपट-तांबूस ठिपका दिसला, तर मीठ अजून आत आहे. परत घासा, परत धुवा. कारागीर कुरकुरेल, कुरकुरू दे. मग इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर लायनर. पाणी जायची भोकं आधी टेपने बुजवून नंतर मोकळी करायला सांगा. ती लायनरने बंद झाली की हौदा नावाप्रमाणे खरंच हौद होतो.

पोत बारीक मागा. जाड खरखरीत दाण्यात बांगड्याचे खवले अडकतात आणि वास ब्रशनेही जात नाही.

आता जून-जुलैचं. लायनर दोन भागांत येतं; ते घट्ट करणारा भाग म्हणजे हार्डनर, आणि त्याची पाण्याशी रासायनिक क्रिया होते. पत्र्यावर दमटपणा असेल तर फेस येऊन बुडबुडे धरतात आणि पकड जाते. आमच्याकडे पावसाळ्यात कोरडा वाटणारा पत्राही ओला असतो. शिमग्याला चार-पाच दिवस गाडी तशीही निघत नसेल, तेव्हा करा. मार्चात पहाटे दव असतं, म्हणून गन सकाळी अकराच्या आधी हातात घ्यायची नाही.

आणि तोंडाला रुमाल बांधून स्प्रे मारणाऱ्याकडे काम देऊ नका. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा जडू शकतो. माझ्या एका कारागिराला आता नुसतं डब्याचं झाकण उघडलं तरी धाप लागते. त्याला मी वेल्डिंगला लावलंय.

बॉनेट-दारं का नकोत? एकदा बसलेलं लायनर काढायचं म्हणजे पत्रा ग्राइंडरनेच तासायचा. उद्या पोचा पडला तर डेंटर हात लावणार नाही. स्वस्त काळा माल उन्हाने राखाडी पडतो तो वेगळाच; उन्हात टिकणारा हवा तर ‘ॲलिफॅटिक’ आहे का ते विचारा. शिवाय अख्ख्या गाडीचा रंग बदलला तर आरसी बुकातही बदल करून घ्यावा लागतो. दारांखालच्या पट्ट्या आणि मडगार्डाची आतली बाजू, एवढंच पुरे.

प्रश्न : स्कूटरच्या पायाखालचं काळं प्लास्टिक पांढरट पडलंय. दिराच्या गाडीचं लायनर थोडं उरलंय, ते मारू का? – एक वाचिका, गुहागर

उत्तर : हार्डनरचा डबा उघडून किती दिवस झाले ते आधी बघा. आपल्या हवेत तो ओल ओढून डब्यातच घट्ट होतो. तो ताजा असला, तरी प्लास्टिकचा वेगळा प्रायमर मारल्याशिवाय लायनर नखानेही सुटेल. आणि पोतात तांबडी माती अशी बसेल की पांढरट प्लास्टिक बरं होतं म्हणाल.