टपरीवरच्या परदेशी सिगारेटच्या पाकिटावर कॅन्सरचं चित्र नसेल, तर ती विकणं कायदेशीर आहे का?

नाही. विक्रीसाठी आयात केलेल्या पाकिटालाही चित्रासह इशारा सक्तीचा आहे. कोटपा, म्हणजे २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याचं कलम ७ देशी-परदेशी असा भेद करत नाही. इशाऱ्याने पाकिटाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचा ८५ टक्के भाग व्यापायला हवा; हे प्रमाण एप्रिल २०१६ पासून लागू आहे. त्यामुळे लवंगेच्या वासाचं, गुळगुळीत काळं, वर नुसतं सोनेरी नाव असलेलं पाकीट दिसलं की ते बहुधा कस्टम चुकवून आलेलं, असं खुशाल समजा.

पाकीट उलटून आणखी दोन गोष्टी बघा: भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता आणि रुपयांत छापील किंमत. दोन्ही नसतील तर टपरीवाल्याचं 'ओरिजिनल दुबईचा माल आहे, साहेब' हे वाक्य म्हणजे कबुलीजबाबच की! असा माल विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडाची रक्कम हास्यास्पद आहे, हे खरंच. तस्करी सिद्ध झाली तर मात्र कस्टम कायदा लागतो आणि माल जप्त होतो.

एक अपवाद: परदेशातून येताना स्वतःच्या वापरासाठी सामानातून १०० सिगारेटी ड्युटीशिवाय आणता येतात, आणि त्यांच्यावर भारतीय इशारा नसला तरी चालतो. त्याच पुढे विकल्या तर ही सवलत संपली. ई-सिगारेटला तर कोणतीच सूट नाही. २०१९ पासून तिची आयात आणि विक्री पूर्ण बंद आहे.