चिखलाची रेघ पुसू नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट मिळालं. आजींच्या लग्नातला फोटो, बाकीच्या फोटोंच्या प्रती, तू काढलेली वाड्याची तीन चित्रं, सगळं नीट पोचलं. दिवाळीत घर भरेल तेव्हा हे भिंतीवर लावायचं आणि प्रत्येकाखाली त्याची गोष्ट लिहायची, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. कसं करू म्हणून विचारलंस, म्हणून सविस्तर लिहितो.

लग्नाच्या फोटोच्या तू दोन प्रती पाठवल्यास. एक आहे तशी आणि एक संगणकावर साफ केलेली. दुसरीत खालची तपकिरी रेघ नाही, आजोबांच्या धोतरावरचे डाग नाहीत. काम सफाईचं आहे, यात शंका नाही. पण ती प्रत लावू नकोस.

फोटोमागे 1959 लिहिलंय आणि तुझ्या आजी तेव्हा नारायण पेठेत राहत होत्या, असं तूच कळवलंस. 12 जुलै 1961 ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं. ते पाणी खडकवासल्यावर आलं आणि त्याच दिवशी तेही धरण फुटलं. मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांमधून फिरलं, लकडी पूल पाण्याखाली गेला. मी तेरा वर्षांचा होतो आणि शाळा सुटल्यावर एका फोटो स्टुडिओत हाताखाली काम करत होतो. आमचा स्टुडिओ नदीपासून लांब, चढावर, म्हणून वाचला. पुढचे कित्येक आठवडे लोक भिजलेले अल्बम घेऊन येत राहिले. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो भिजला की फुगतो, चिकट होतो आणि सुकताना समोरच्या फोटोला धरून बसतो. घाईनं ओढलं की एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीला चिकटून येतो. आमचे स्टुडिओवाले मास्तर म्हणायचे, "ओढायचं नाही. पाण्यात सोड, पाणीच सोडवेल." आणि पाणी तर गावात नव्हतं! खडकवासला गेल्यावर नळ कोरडे पडले होते. वाड्यातल्या आडाचं पाणी शेंदून, फडक्यातून गाळून आम्ही ट्रे भरायचो. एकेक फोटो सुटला की चेहरा वर करून टिपकागदावर पसरायचा. चिखल निघायचा, पण पाणी जिथवर चढलं होतं तिथली रेघ राहायची. अशा रेघा मी इतक्या पाहिल्यात की तुझ्या फोटोतली पाहताक्षणी ओळखली. तरी आजींना विचारून खात्री कर. माझ्या सांगण्यावर लिहू नकोस.

तर गोष्ट तिथे आहे. "आजी-आजोबांचं लग्न, 1959" एवढं तर बघणाऱ्याला दिसतंच. हा फोटो पुरातून कुणी बाहेर काढला? घरातलं काय काय सोडून हाच का उचलला? की तो नंतर गाळात सापडला? हे फोटोत दिसत नाही. गोष्ट लिहायची ती याची.

तसाच आजोबांचा तो कोटातला फोटो. तू लिहिलंयस, "आजोबांना रुबाबात राहायला आवडे." असेलही. पण त्या काळच्या बहुतेक स्टुडिओंत खुंटीवर एक कोट असायचा, येईल त्या गिऱ्हाइकासाठी. ढगळ झाला तर मागून चिमटे लावून घट्ट करायचे. बाह्या नीट बघ, पंजा अर्धा झाकलाय. तो कोट स्टुडिओचा असणार, असं मला वाटतं. त्यात कमीपणा काही नाही. पंचवीस वर्षांचा मुलगा नोकरीच्या अर्जासाठी किंवा स्थळाला पाठवायला फोटो काढून घेतो आणि परक्या कोटात ताठ उभा राहतो. मला तर रुबाबापेक्षा तो मुलगा जास्त जवळचा वाटतो. मात्र हे भिंतीवर लिहिण्याआधी आजींना आणि तुझ्या बाबांना विचार. ते नको म्हणाले तर नाही लिहायचं.

विचारण्याची एक रीत आहे. "हे कोण, ते कोण" करत सुटलीस तर नावं मिळतील, गोष्ट मिळणार नाही. फोटो आजींच्या हातात दे आणि गप्प बस. त्या बोलायला लागल्या नाहीत तर कडेच्या एखाद्या वस्तूबद्दल विचार. तो पाट कुणाचा, ती खिडकी कोणत्या बाजूला उघडायची? माणूस वस्तूवरून सहज आत शिरतो. फोन शेजारी ठेवून आवाज टिपून घे, पण त्यांना सांगून. आजी एक सांगतील, त्यांची बहीण वेगळंच सांगेल. दोन्ही लिही, कुणी काय सांगितलं त्यासकट. खरं-खोटं करायला बसू नकोस.

आणि फोटो कुणी काढला हे प्रत्येक वेळी विचार. हे नाव सगळ्यांत आधी हरवतं. होमाई व्यारावाला आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. त्यांचेही सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जात. मग घरातल्या साध्या बॉक्स कॅमेऱ्यानं फोटो काढणाऱ्या काकू-मावशीची काय कथा? तुमच्या सहलीच्या सगळ्या फोटोंत एक बाई कुठेच दिसत नाही, असं तू सहज लिहून गेलीस. बहुधा कॅमेरा तिच्याच हातात होता.

कात्रीनं कापलेला तो एक फोटो मात्र बाजूला ठेव. कुणाला कापलं ते तुला कळलं तरी ती गोष्ट तुझी नाही. ज्याची आहे तो माणूस हयात असेल तर त्याच्या होकाराशिवाय तो फोटो भिंतीवर जाता कामा नये.

हाताळण्याबद्दल थोडक्यात. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं, कडेला. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो आणि शाई उतरते. सेलोटेप अजिबात नको. काळ्या पानांच्या अल्बममधून चिकटवलेले फोटो उपटू नकोस, पूर्ण पानाचाच फोटो काढ, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद करून. मागची बाजूही टिपून ठेव, तिथे स्टुडिओचा शिक्का असतो. आणि अस्सल फोटो भिंतीवर लावूच नकोस, प्रती लाव.

आता तुझी चित्रं. त्यांच्याखाली लिहिलेला मजकूर मला पटला नाही, हे सरळ सांगतो. "हरवलेल्या घराची ओढ" हे तू आम्हाला सांगायची गरज नाही. चित्रात ती आहे, विशेषतः दुसऱ्यात, जिथे जिन्याखालचा अंधार तू तीन हात देऊन गडद केलास. अर्थ लिहू नकोस, चित्र कसं झालं ते लिही. वाडा तर तुझ्या जन्माआधीच पडला. मग तू तो कशावरून काढलास? पत्रात तू लिहिलंस की आईनं वर्णन केलं, तू काढत गेलीस, आणि पूर्ण झाल्यावर आजी म्हणाल्या, "तुळस या बाजूला नव्हती गं." आणि तू आता चित्र पुन्हा काढणार आहेस. कशाला? तुझ्या आईच्या आठवणीत तुळस डावीकडे आहे, आजींच्या उजवीकडे. एकाच अंगणात दोघी वाढल्या-वावरल्या आणि तुळस दोन ठिकाणी आहे! हेच लिही. हवं तर आजींच्या तुळशीचं चौथं चित्र काढून शेजारी लाव.

मी हे इतक्या कळकळीनं का लिहितोय, तेही सांगतो. पुरानंतर लोक फोटो सुकेपर्यंत आमच्या बाकावर बसून राहत आणि बोलत. कुठलं लग्न, कुणाचं बारसं, कोण वाहून गेलं. मी ट्रे हलवत ऐकत होतो. एक अक्षर लिहून ठेवलं नाही. काही जण फोटो न्यायला परत आलेच नाहीत. मास्तरांनी ते टाकू दिले नाहीत, आणि स्टुडिओ बंद झाला तेव्हा ते खोकं माझ्याकडे आलं. त्यात एकशे चाळीस फोटो आहेत. मागे नावं नाहीत. त्यातल्या एका बाळाच्या पाळण्याजवळ बसलेल्या बाईंबद्दल त्या दिवशी कुणीतरी बराच वेळ बोलत होतं, एवढंच आठवतं. काय बोलत होतं ते आठवत नाही.

पुढच्या रविवारी ये. खोकं काढून ठेवतो. येताना आजींना घेऊन ये, जिने चढायचे नाहीत, मी आता तळमजल्यावर राहतो. बरेचसे फोटो नारायण आणि शनिवार पेठेतले आहेत, त्या काळात त्या तिथेच होत्या. एखादा चेहरा त्यांना ओळखू येईल. पेन्सिल मऊ आण.

तुझा
काका